येते म्हणायचं नाही

मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला थोर समजायला नको. लोक म्हणतात ना, हेवा वगैरे नाही गं, जरा वाईट वाटलं इतकंच. मला जरा वाईट वाटलं नव्हतं. माझा चांगला जळफळाट झाला होता, तो बरेच महिने चालला, आणि त्यातला थोडा अजूनही शिल्लक आहे.

इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला, आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी आलो. तो तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. पुण्यात मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, स्टाफरूममध्ये माझी स्वतःची खुर्ची होती, आणि माझ्या खुर्चीवर बसायची कुणाची छाती नव्हती. इथे आले आणि एका दिवसात ‘डॉक्टरांची मिसेस’ झाले. पार्टीत कुणी विचारलं, अँड व्हॉट डू यू डू, की नवराच उत्तर द्यायचा, शी यूज्ड टू टीच. त्या ‘यूज्ड टू’ने माझं डोकं उठायचं. शेवटी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचा इथला कोर्स केला, आणि एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये क्लास मिळवला. नाव होतं ‘नोकरीसाठी इंग्रजी’. हॉलमध्ये सकाळी लहान मुलांचा प्लेग्रुप भरायचा, त्यामुळे माझ्या बायका प्लॅस्टिकच्या ट्रॅक्टरला वळसा घालून आत यायच्या. एका खिडकीतून बंदरावरच्या क्रेन दिसायच्या. हीटर मनात आलं तर चालायचा. पण तो क्लास माझा होता.

बायकांना तो फुकट होता. पैसे सरकारचे. शहरात नोकरीसाठी जे जे शिकवलं जाई, कुठे प्लंबिंग, कुठे म्हाताऱ्या-आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या केअररचं काम, कुठे माझ्यासारखं इंग्रजी, त्या सगळ्याचे पैसे एका बोर्डामार्फत यायचे. स्किल्स बोर्ड म्हणायचे त्याला. त्यात एका हॉटेलची मॅनेजर, बंदरातून रिटायर झालेले एक धिप्पाड गृहस्थ, कॉलेजचा एक माणूस, कौन्सिलर असे लोक होते. धिप्पाड गृहस्थ चेअरमन. हे लोक ठरावीक काळाने बसायचे, कुणाला पैसे दिले आणि त्यातून कुणाला नोकरी लागली ते विचारायचे, मधूनच क्लासला येऊन मागच्या खुर्चीवर बसायचे. त्यात गैर काही नाही. लोकांच्या टॅक्सचा पैसा आहे, कुणीतरी विचारायलाच हवं. पण मागच्या खुर्चीवर बसून माझा क्लास कुणाला कळला असेल असं मला कधी वाटलं नाही.

ती माझ्या पहिल्याच बॅचला होती. नागपूरची. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, कायम लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलेला. ही उंच, मोठ्या आवाजाची, लाल कोट घालणारी. इंग्रजी असं बोलायची की व्याकरण बिचारं मागे धापा टाकत यायचं, पण बोलायची धडाधड. चुकीची लाज नावालाही नाही. मी दुरुस्त केलं की म्हणायची, “हो ना ताई, बरोबर,” आणि पुढच्या वाक्यात तीच चूक परत. आम्ही दोघीच मराठी, म्हणून क्लास संपल्यावर एकाच बसने घरी जायचो. ती “काय करून राहिल्या ताई?” म्हणायची आणि माझ्या पुणेरी कानांना गुदगुल्या व्हायच्या. तेव्हा ती मला आवडायची. हे पण सांगायला हवं.

क्लासमध्ये आम्ही खोटे खोटे इंटरव्ह्यू घ्यायचो. मी टेबलाच्या पलीकडे, एकेक बाई अलीकडे. आत येणं, बसणं, हात मिळवणं, शेवटी उठणं. तिचा पहिला इंटरव्ह्यू मला चांगला आठवतो. सगळं झालं, ती उठली, दारापाशी गेली, वळली आणि हसून म्हणाली, “ओके, आय विल कम.”

मी म्हटलं, “कुठे येणार?”

“कुठे नाही. घरी जाऊन राहिली ना.”

“मग आय विल कम काय? तो साहेब म्हणेल, ही बाई परत कशाला येतेय?”

ती बुचकळ्यात पडली. मग माझ्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात ‘येते’ म्हणाली होती, आणि तेच बोट धरून इंग्रजीत आणलं होतं. आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणायचं, आणि घरातल्याने ‘ये हं’ म्हणायचं, की मग चपला घालायच्या. मी फळ्यावर दोन्ही लिहिलं, एकावर काट मारली. सांगितलं, इथे येते म्हणायचं नाही. इथे म्हणायचं, “गुडबाय. थँक यू फॉर युवर टाइम.”

“पण ताई, गुडबाय म्हणजे जाते असंच झालं ना? अशुभ नाही वाटत?”

“इंग्रजीत काही अशुभ नसतं,” मी म्हटलं.

मागे बसलेल्या गुजराती बेन म्हणाल्या, त्यांच्यातही ‘आवजो’, म्हणजे ‘या’, असंच म्हणतात. एक तमिळ बाई होती, तिने सांगितलं की त्यांच्यात तर ‘जाऊन येते’ असं पूर्ण म्हणतात. पोलिश मुलगी म्हणाली, आमच्यात असं काही नाही, आणि तिला उगाचच वाईट वाटलं. मग मी सगळ्यांकडून ते वाक्य घोकून घेतलं. गुडबाय. थँक यू फॉर युवर टाइम. दारापर्यंत जायचं, वळायचं, म्हणायचं, बाहेर पडायचं. सगळ्या शिकल्या. ही एकटी शिकली नाही. पुढे तिला खरी नोकरी लागली, बोटींवरच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत, तिथल्या इंटरव्ह्यूतही ती ‘आय विल कम’च म्हणून आली होती. वर्षभरात ती तिथल्या शिफ्टची सुपरवायझर झाली. मी तिचं उदाहरण बोर्डाच्या लोकांना अभिमानाने सांगायचे. माझी विद्यार्थिनी, म्हणायचे.

मग कानावर आलं की पैसे कमी होणार आणि छोटे छोटे क्लास बंद करून सगळं कॉलेजच्या मोठ्या इमारतीत नेणार. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. माझ्या बायकांतल्या निम्म्या मुलांना शाळेत सोडून धावत यायच्या आणि शाळा सुटायच्या आत धावत जायच्या. त्या काही दोन बस बदलून जाणार नव्हत्या. क्लास गेला तर त्यांचं शिकणं गेलं, आणि माझं ‘यूज्ड टू टीच’ परत आलं. हे दोन्ही मला सारखंच भयंकर वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

नेमकं त्याच सुमाराला बोर्डाने जाहीर केलं की आता वस्तीतला एक सामान्य माणूसही बोर्डावर घ्यायचा. पगार नाही, बसभाडं आणि सँडविच. मला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की मी नवऱ्याला भाजी वाढताना त्यावर भाषणं द्यायचे. त्या टेबलाशी बसेन, क्लास म्हणजे काय ते सांगेन, बंद करतात कसा बघते. नवरा म्हणाला, “तुला क्लास वाचवायचाय की खुर्ची पाहिजे?” मी म्हटलं, “दोन्ही. पोळी घे.”

आणि मीच, माझ्याच तोंडाने, बसमध्ये तिला हे सांगितलं. वाटलं, मैत्रीण आहे, खूश होईल. ती खूश झाली. म्हणाली, “बाप्पा, छान आहे की. मी पण देते अर्ज. दोघींतून एक तरी लागेल.” जणू लॉटरीचं तिकीट. मी हसले. मनात म्हटलं, दे बाई अर्ज, तुझ्या इंग्रजीला कोण घेतंय.

इंटरव्ह्यूच्या दिवशी आम्ही दोघी एकाच कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. मी राखाडी सूट घातला होता, ती तोच लाल कोट. आधी माझा नंबर लागला. मी काय बोलले ते आजही म्हणून दाखवीन. प्रत्येक वाक्याला आरंभ होता, मध्य होता, शेवट होता. हॉटेलवाली बाई मान डोलवत होती. चेअरमन माझ्याकडे नीट बघत होते, आपण डॉक्टरांकडे बघतो तसं. शेवटी मी उठले, दारापर्यंत गेले, वळले, “गुडबाय. थँक यू फॉर युवर टाइम,” म्हणाले आणि बाहेर आले. माझ्या विद्यार्थिनींना दाखवावं असं झालं होतं.

मग ती आत गेली. दार नीट लागत नव्हतं. थोड्या वेळाने आतून हसणं ऐकू आलं. पहिल्यांदा एकाचं, मग सगळ्यांचं. मी सरळ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिचा आवाज दारापाशी आला, आणि मी स्पष्ट ऐकलं, “ओके. आय विल कम.”

माझे डोळे आपोआप मिटले. गेली, म्हटलं, हिची संधी गेली.

आतून चेअरमनचा तो बंदरावरचा मोठा आवाज आला. “वेल, इफ यू विल कम, वी विल हॅव यू.” आणि परत सगळे हसले.

ती बाहेर आली ती गोंधळलेली. “ताई, ते काय म्हणून राहिले? मी तं नुसतं येते म्हटलं.”

रीतसर पत्र पुढच्या आठवड्यात आलं. तिची निवड झाली होती. माझ्या पत्रात लिहिलं होतं की मी अत्यंत उत्तम होते आणि त्यांनी माझे आभार मानले होते, वेळ दिल्याबद्दल.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. ती माझ्याहून हुशार असती तर मी गिळलं असतं. ती माझ्याहून जास्त राबलेली असती तरी गिळलं असतं. पण ती एका चुकीवर निवडून आली होती, आणि चूक कुठली, तर जी काढण्यासाठी मी तिच्यामागे हात धुऊन लागले होते. मी माझ्या इंग्रजीतून मराठीचा एकेक धागा ओढून काढला होता, पुण्यात असल्यापासून काढत होते. हिने तोच धागा लोंबता ठेवला आणि त्या लोकांना वाटलं, काय आत्मविश्वास आहे, काय आपलेपणा आहे. त्यांना वाटलं ती वचन देऊन गेली. ती बिचारी घरी निघाली होती.

बरं, तिला हे लपवायचंही सुचलं नाही. गणपतीला आमच्या इथली मराठी मंडळी एका शाळेचा हॉल घेऊन जमायची. तिथे आरतीनंतर ही प्रसादाची वाटी हातात घेऊन सगळ्यांना किस्सा सांगत होती. “ताईंनी फळ्यावर काट मारून शिकवलं, तरी माझ्या तोंडून येतेच निघालं.” सगळे खो खो हसले. एक काका मला म्हणाले, “तुमच्यामुळे झालं हो सगळं.” मी म्हटलं, “छे छे, माझं काय त्यात.” खरंच काय होतं माझं त्यात? निघताना ती माझ्याजवळ आली, “येते, ताई,” म्हणाली. याला ‘ये’ म्हणायचं असतं. मी नुसती मान हलवली. ती क्षणभर थांबली, तसं थांबतोच आपण, आणि मग गेली.

त्या दिवसापासून मी तिला ‘ये’ म्हटलं नाही. बसस्टॉपवर नाही, फोनवर नाही. तिला कळलं असेल की नाही, मला माहीत नाही. मला कळत होतं, आणि त्यात मला चांगलंच सुख होतं.

हिवाळ्यात बोर्डाची मंडळी क्लास बघायला आली, तेव्हा ती त्यांच्याबरोबर होती. गळ्यात फोटोवालं ओळखपत्र. माझ्याच हॉलमध्ये, त्याच प्लॅस्टिकच्या ट्रॅक्टरला वळसा घालून ती आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. मी महिनाभर तयारी करून धडा घेतला. बायका छान बोलल्या. आणि मध्येच हिने डबा उघडला. सांबारवड्या. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिने हॉटेलवाल्या बाईला समजावून सांगितलं आणि त्या बाईने तीन वड्या खाल्ल्या. माझा धडा तिथेच राहिला. जाताना चेअरमन म्हणाले, लव्हली क्लास, आणि बोटं पुसली. लव्हली कशाला म्हणाले ते मला विचारू नका. वडी मीही खाल्ली एक. उत्तम होती, त्याचाही राग आला.

पण माझी गरज होती. क्लास राहणार की जाणार हे ज्या बैठकीत ठरणार होतं, ती जवळ आली. मला बैठकीत बसता येणार होतं, पण मागे, प्रेक्षकांत, तोंड बंद ठेवून. बोलू शकणार होती ती. मी फोन उचलून खाली ठेवला, परत उचलला. माझ्या विद्यार्थिनीकडे पदर पसरायचा होता, आणि तिने तो पसरू दिला नाही ही तर आणखीच कमाल.

“ताई, तुम्ही कशाला सांगता? बोलीन ना मी. काहून नाही बोलणार? मी त्याच क्लासमधून तं आली.”

“नीट तयारी करून बोल,” मी म्हटलं.

“हो ना. बरं, येते.”

मी फोन ठेवला.

बैठकीचा दिवस पावसाचा होता. लांब टेबल, पाण्याचे जग, सँडविचं एका बाजूला झाकून ठेवलेली. मी मागच्या रांगेत. ती चेअरमनच्या उजव्या हाताला, लाल कोट खुर्चीच्या पाठीवर. माझी खुर्ची, असंच मनात आलं. पुढ्यात तिने दोन कागद ठेवले होते, ओठ हलत होते. ती वाक्यं पाठ करून आली होती. ती, जिने आयुष्यात कधी काही पाठ केलं नव्हतं.

आमच्या क्लासचा विषय आला. चेअरमननी नेहमीप्रमाणे विचारलं की यात कुणाचा काही संबंध आहे का. ती भोळेपणाने म्हणाली, “येस, आय लर्न्ड इन धिस क्लास. शी इज माय टीचर,” आणि वळून माझ्याकडे बोट दाखवलं. अभिमानाने दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या अधिकारी बाईने घसा साफ केला. ती नम्रपणे म्हणाली की तसं असेल तर नियमाप्रमाणे तुम्हाला या विषयापुरतं बाहेर बसावं लागेल. बोलता येणार नाही, हातही वर करता येणार नाही.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. तिने कागदांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? तिने कागदांची घडी घातली, कोट उचलला, दारापाशी गेली. वळली. हसली नाही. “आय विल कम,” म्हणाली. चेअरमन म्हणाले, “वी विल कॉल यू, लव्ह,” इथले लोक कुणालाही लव्ह म्हणतात तसं. दार लागलं.

नियम बरोबर होता, हेच तर दुखणं. आपल्या माणसाला आपणच पैसे वाटायचे नाहीत, त्यासाठीच तर बोर्ड असतं. मला ते पुण्यातही पटलं असतं. पण मी मागच्या रांगेत बसून बघत होते की टेबलाशी क्लासबद्दल बोलणारे सगळे क्लासबाहेरचे होते, आणि त्या क्लासने जे घडवलं होतं ते काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलं होतं, मांडीवर लाल कोट घेऊन. आणि मग एक गोष्ट डोक्यात शिरली ती मी कितीही ढकलली तरी निघेना. ती खुर्ची मला मिळाली असती, तर तिच्या जागी बाहेर मी बसले असते. मी तर त्या क्लासची शिक्षिका. मला तर सगळ्यांत आधी उठवलं असतं. जिच्यासाठी मी महिनोन् महिने जळले, ती खुर्ची माझ्या क्लाससाठी कधी नव्हतीच.

हॉटेलवाली बाई चांगलं बोलली. शिकवणं उत्तम आहे, म्हणाली. पण बायका थोड्या, हॉल गार, कॉलेजची इमारत नवी. कॉलेजच्या माणसाला विषय निघाला तसं तिच्यासारखंच बाहेर पाठवलं होतं, त्यामुळे मला त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. हात वर झाले. क्लास उन्हाळ्यापर्यंत चालेल, मग कॉलेजात विलीन होईल. पुढचा विषय प्लंबिंग.

तिला आत बोलावलं. ती आली, बसली, आणि चेहऱ्यांवरून वाचायचा प्रयत्न करू लागली. मला तेव्हाही तिचा हेवा वाटला. तिला ते ऐकावं लागलं नव्हतं.

बाहेर ती माझ्यामागे धावत आली. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मी चूप बसायला पाहिजे होतं का? सांगितलंच नसतं, तं बोलता आलं असतं.”

“खोटं बोलून?” मी म्हटलं. “मग तुझी खुर्ची गेली असती.”

“जाऊ द्या ना खुर्ची.”

ती हे मनापासून म्हणाली, आणि मला ते सहन झालं नाही. जे माझ्या हातून सुटलं ते ती इतकं सहज टाकून द्यायला तयार होती. मी म्हणाले, “जाते मी.”

ती हळूच म्हणाली, “जाते नका म्हणू, ताई.” मी बसमध्ये चढले.

उन्हाळा आला. शेवटच्या दिवशी बायकांनी घरून काय काय आणलं, ते आम्ही प्लेग्रुपच्या बुटक्या टेबलांवर मांडून खाल्लं. ती कामावरून सुट्टी काढून आली होती, कुणी बोलावलं नसताना. मग निघायची वेळ झाली. मी सवयीने माझ्या टेबलामागे उभी होते. पोलिश मुलगी आधी आली, हात मिळवला, दारापर्यंत गेली, वळली. “गुडबाय. थँक यू फॉर युवर टाइम.” उच्चार अगदी स्वच्छ. तिच्यामागून गुजराती बेन. दारापर्यंत, वळल्या. “गुडबाय. थँक यू फॉर युवर टाइम.” मग तमिळ बाई. मग बाकीच्या, एकामागून एक. मला खूश करायला म्हणत होत्या, मी शिकवलेलं मला करून दाखवत होत्या, डोळ्यांत पाणी आणून. एकीचंही व्याकरण चुकलं नाही. मी प्रत्येकीला वेल डन म्हणत होते आणि मनातून वाट बघत होते की एखादी तरी चुकेल, आवजो म्हणेल, जाऊन येते म्हणेल, काहीतरी परत येण्याचं म्हणेल. मी त्यांना इतकं चांगलं शिकवलं होतं की कुणी चुकलं नाही.

हॉल रिकामा झाला. तिने खुर्च्या एकावर एक रचल्या, ट्रॅक्टर कोपऱ्यात सरकवला, कोट हातावर घेतला. दारापाशी जाऊन वळली.

“येते, ताई.”

आणि थांबली. उत्तराची वाट बघत, गणपतीत थांबली होती तशीच. इतक्या जणींत हा एक शब्द हिलाच बरा सापडला, हिलाच नेहमी सापडतो, असं मनात येऊन मला पुन्हा जळायला झालं. आणि तरीही म्हणाले,

“ये.”